नापोली आणि अमाल्फीचा किनारा एका दिवसात, आई-बाबा आणि मुलांसकट

रोमला मुक्काम असेल तर सकाळच्या पहिल्या फास्ट ट्रेनने निघून रात्री परत येता येतं. नापोली, म्हणजे नेपल्स, फक्त सव्वा तासावर आहे. पण पॉम्पेई, सोरेंतो, पोझितानो, अमाल्फी, रावेल्लो आणि वर नापोली अशी जी यादी टूरवाले दाखवतात, ती एका दिवसात उरकायची म्हणजे गाडीतून काचेबाहेर बघायचं. आम्ही पॉम्पेईवर, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन शहरावर, सरळ काट मारली. जूनचं ऊन, उंचसखल दगडी रस्ते, सावली नावाला आणि आईचे गुडघे. शिवाय तिथे आता दिवसाला २०,००० लोकांनाच आत सोडतात, म्हणजे तिकीट आधी काढायला हवं. गाडीचा ड्रायव्हर आत गाईडगिरी करू शकत नाही, त्यासाठी परवाना असलेला गाईड वेगळा घ्यावा लागतो. पॉम्पेईला स्वतंत्र दिवस द्या.

किनाऱ्यासाठी ड्रायव्हरसकट गाडी घ्या, यावर मी ठाम आहे. स्वस्तात जायचं तर सर्कुमवेसुव्हियाना लोकलने सोरेंतो आणि पुढे बस, हा मार्ग आहे. तरुण मंडळींनी जरूर करावा. पण उन्हाळ्यात बसच्या रांगेत ताटकळायचं आणि मग घाटात उभ्याने जायचं, हे म्हाताऱ्या माणसांना घेऊन नको. स्वतः गाडी चालवण्याचा विचार तर सोडाच. गर्दीच्या दिवसांत या रस्त्यावर खासगी गाड्यांना नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यावरून बंदी असते, आणि पोझितानोत पार्किंगचे दर ऐकून जेवण जात नाही.

आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, इंग्रजी मोडकं पण गप्पांना तोटा नाही. डावीकडे व्हेसुव्हियस ज्वालामुखी दिसू लागल्यावर त्याने १९४४ च्या उद्रेकाची गोष्ट सुरू केली, आजीकडून ऐकलेली. तोपर्यंत मुलांना ज्वालामुखी म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला, पॉम्पेई गाडणारा इ.स. ७९ चा उद्रेक एवढंच माहीत होतं.

सोरेंतोकडून अमाल्फीकडे जा, उलट नको. इटलीत गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे या दिशेने समुद्र आपल्या बाजूला राहतो. उजवीकडच्या खिडक्यांवरून मुलांची भांडणं होतील, वाटणी आधीच करा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि गोळी निघण्याआधी द्या, वळणं सुरू झाल्यावर नाही. रस्ता किती अरुंद, ते प्रायानोच्या अलीकडे कळलं. समोरून बस आली. आमच्या माणसाने हात बाहेर काढून आरसा मिटला, गाडी समुद्राकडच्या कठड्याला घासेल इतकी कडेला घेतली, बसवाल्यानेही आरसा मिटला, आणि दोघांनी जाता जाता एकमेकांची विचारपूस केली. बाबांनी श्वास सोडला तेव्हा बस दिसेनाशी झाली होती.

पोझितानो वरूनच सुंदर दिसतं. गाडी किनाऱ्यापर्यंत जात नाही. खाली उतरायचं आणि पुन्हा चढायचं, सगळ्या पायऱ्या. बाबागाडी नेऊ नका. आई-बाबा वरच्या कठड्याजवळ लिंबाचा ग्रानिता, म्हणजे गोड बर्फाचा चुरा, खात बसले, आम्ही मुलांना घेऊन खाली पाय बुडवून आलो. वाळू काळसर आहे, खडेही भरपूर. पाण्यात जायच्या चपला न्या. अमाल्फी मात्र ज्येष्ठांना सोयीचं. गाडीतून उतरलं की चौक, कारंजं, समोर कॅथेड्रल. त्याच्या बासष्ट पायऱ्या चढल्या नाहीत तरी दर्शन खालून होतं. स्वच्छतागृह हवं असेल तर बारमध्ये उभ्याने कॉफी घ्या. टेबलावर बसलात की दर वाढतो. परतताना त्याच रस्त्याने येऊ नका, क्युंझीच्या खिंडीतून हायवे गाठा. ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवा.

नापोली संध्याकाळी, आणि पायीच. इथे एक स्थानिक गाईड दोन तासांसाठी घेतला होता, तो पैसा वसूल झाला. स्कूटर कुठूनही येते, फुटपाथवरूनही. रस्ता ओलांडताना धावायचं नाही, थांबायचं नाही, चालकाकडे बघत एका चालीने जायचं. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, बाबा तर गाईडच्या पुढे होते. जुन्या शहराला उभं चिरत जाणाऱ्या स्पाक्कानापोली या रस्त्यावरून सान ग्रेगोरियो आर्मेनोच्या गल्लीत वळलो. ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातल्या मूर्ती इथे वर्षभर बनतात, पेणच्या कारखान्यांत गणपती बनतात तशा. मेंढपाळांच्या शेजारी मॅराडोना, फुटबॉलपटू आणि पुढारी. बोटभर उंचीच्या पिझ्झावाल्याच्या भट्टीत दिवा पेटत होता. लेकाने तोच घेतला.

मोबाईल आणि पर्स पुढच्या बाजूला ठेवा, विशेषतः स्टेशनजवळच्या गारिबाल्दी चौकात. रोमला परतीचं ट्रेनचं तिकीट शेवटच्या गाडीच्या आधीच्या गाडीचं काढा, म्हणजे घाटात अडकलात तर एक गाडी हाताशी राहते. स्वस्तातलं तिकीट त्याच गाडीपुरतं असतं, हे धरून चाला.

शाकाहारी मंडळींनी पिझ्झाची काळजी करू नये. मारिनारावर चीज नसतंच, टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच. मार्गेरिता सगळीकडे मिळते. मधोमध ओलसर, मऊ असते, कच्ची समजून परत पाठवू नका. खरी मेख बेकरीत आहे. पारंपरिक पापुद्र्यांच्या स्फोल्यातेल्ले या पेस्ट्रीत आणि मिरी घातलेल्या ताराल्ली या खुसखुशीत कड्यांत डुकराची चरबी असते. 'स्त्रुत्तो' किंवा 'सुन्या', म्हणजे ही चरबी, आहे का, असं विचारा आणि मगच घ्या.