दोन्ही ट्यूब बंद, आणि कारण टीबी
लग्नाला 3 वर्षं झाली तरी दिवस राहत नव्हते, सासूबाईंनी उपास सांगितले, मावशीने शतावरी पाठवली, सगळं केलं. पाळी अगदी वेळेवर, थायरॉईड नॉर्मल, सोनोग्राफीत पीसीओडी नाही, ह्यांचा रिपोर्टपण चांगला, मग अडतंय कुठे तेच कळेना.

शेवटी एचएसजी केली, म्हणजे गर्भाशयात डाय सोडून एक्सरे काढतात, ओटीपोटात जोरात कळ आली आणि स्क्रीनवर डाय दोन्ही ट्यूबमध्ये, म्हणजे गर्भाशयाकडे बीज नेणाऱ्या नळ्यांमध्ये, मधेच थांबलेला दिसला. मग दुर्बिणीतून तपासणी, बायोप्सी, आणि निघाला टीबी. मला ना खोकला ना ताप! आपल्याकडे ट्यूब खराब व्हायचं हे एक मोठं कारण आहे आणि पाळी नियमित असली तरी तो आत असू शकतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं गं.

6 महिने गोळ्या घेतल्या, लघवी नारिंगी व्हायची, पहिल्यांदा घाबरलेच. टीबी बरा झाला पण ट्यूब उघडल्या नाहीत, बऱ्याचदा नाहीच उघडत, म्हणून आता आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडतात ते.

पस्तिशीच्या आत असाल तर 1 वर्ष, पुढे असाल तर 6 महिने प्रयत्न करून डॉक्टरकडे जा, दोघंही जा. माझं पहिलं इंजेक्शन सोमवारी आहे.