पिशवीच्या तळातला कागद

आज सिव्हिल लाइन्सच्या कोर्टातून निघता निघता काटोलकडचे एक काका आले, संत्र्याच्या बागेचा वाद. हातात पॉलिथिनची पिशवी, त्यात सातबारा, फेरफार, जुन्या पावत्या, सगळ्यावर चहाचे डाग. मी सवयीनं सुरू झालो, दावा, मनाई हुकूम, लिमिटेशन म्हणजे दावा लावायची मुदत... अन् काका नुसते "हो साहेब, हो साहेब". मला वाटलं समजून राहिलं त्यांना. काय कपाळ समजत होतं!

मग फोन उलटा ठेवला, चहा बोलावला अन् म्हटलं काका, आता तुम्हीच सांगा. दहा मिनिटं मधे एक शब्द बोललो नाही (माझ्यासाठी रेकॉर्डच आहे हा). तेव्हा कुठं काकांनी हळूच विचारलं, "साहेब, समोरच्याले तं नाही ना सांगसान?"

म्हटलं नाही बाप्पा, साक्ष्य अधिनियम २०२३, कलम १३२, तुमच्या परवानगीशिवाय मी तोंड उघडू शकत नाही, पुढं गुन्हा करायचा प्लॅन असला तर गोष्ट वेगळी. काका हसले पहिल्यांदा.

अन् पिशवीच्या तळातून निघाली इसारपावती, म्हणजे विक्रीचा सौदा ठरवून बयाणा घेतल्याचा कागद. सही काकांचीच! सगळी केसच त्यावर, अन् मी आपला लिमिटेशन शिकवून राहिलो होतो.

आता ड्राफ्ट पुन्हा पहिल्यापासून. जाताना काका विचारतात, "मंग तारीख कवा हाय?"