बेंजामिन, ऑरा आणि भिंतीवरची लक्ष्मी

सध्या प्रिंटमेकिंगच्या प्रोजेक्टसाठी कलेच्या तत्त्वज्ञानावरचं वाचन चाललंय, आणि खरं सांगू का, त्यातलं निम्मं इतकं जड असतं की एक पॅरा वाचून झाला की उठून चहा टाकावासा वाटतो. पण वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताचा १९३५-३६ चा तो यांत्रिक पुनरुत्पादनावरचा, म्हणजे यंत्राने कलाकृतीच्या कॉप्या काढण्यावरचा, निबंध काही सुटत नाहीये. नाझींमुळे देश सोडून पॅरिसमध्ये दिवस काढणारा हा माणूस, आणि डोक्यात काय तर फोटो नि सिनेमा आल्यावर चित्राचं काय होणार!

त्याचं म्हणणं ढोबळमानाने असं की मूळ कलाकृती एका ठिकाणी असते, तिला तिचा इतिहास असतो, त्यातून तिच्याभोवती एक ऑरा, म्हणजे एक प्रकारचं वलय, तयार होतो आणि त्याचं मूळ पूजाविधीत असतं. एकदा ढिगाने कॉप्या निघायला लागल्या की ऑरा विरतो, पूजेचं मूल्य मागे पडून बघण्या-दाखवण्याचं मूल्य वर येतं. वाचताना एकदम पटतं हो. फक्त राजा रविवर्मांची लक्ष्मी समोर आणली की सगळा घोळ होतो.

रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, नंतर फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, आपले दादासाहेब फाळकेही तिथे काम करून गेलेत. प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड, कागदावर एकावर एक ठसे, म्हणजे बेंजामिन म्हणतो तसलं पक्कं यांत्रिक काम. आणि त्या छापील कागदाचं लोकांनी काय केलं? फ्रेम करून देवघरात लावला, उदबत्ती ओवाळली. मूळ तैलचित्राला कोणी नमस्कार करत नाही, कॉपीला करतात!

माझ्यासमोर एक जुना ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं असलं रंगीत छापील चित्र, आहे. भिंगातून बघितलं तर लक्ष्मीच्या गालावर गुलाबी नि पिवळसर ठिपके दिसतात, आजच्या ऑफसेट छपाईसारखे रांगेत नाही, हाताने टाकलेले, वेडेवाकडे. साडीच्या काठावर कोणीतरी खरी जर आणि टिकल्या चिकटवल्यात. आणि काचेवर, बरोब्बर कपाळाच्या जागी, कुंकवाचं बोट पुन्हा पुन्हा लागून एक तपकिरी पुट चढलंय, ते पुसायची माझी तरी हिंमत नाही. ऑरा वगैरे जे काय असेल ते मला तरी त्या पुटातच दिसतं.

बेंजामिनला अगदीच मोडीत काढायचं नाहीये. तो स्वतःच म्हणतो की फोटोत पूजेचं मूल्य शेवटचं तग धरून राहतं ते माणसाच्या चेहऱ्यात, दुरावलेल्या किंवा गेलेल्या माणसांच्या आठवणीत. आपल्याकडे गेलेल्या आजोबांच्या फोटोला हार असतोच की. आणि ख्रिस्तोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने भारतातल्या छापील देवांवरच लिहिलंय, ते वाचल्यावर मला माझं काम कुठे आहे ते जरा दिसायला लागलं.

म्हणजे बघा, आम्ही प्रिंटमेकर लोक प्रत्येक प्रिंटखाली पेन्सिलीने ३/१०, म्हणजे दहातली तिसरी, असं लिहितो, मग एडिशन (ठरलेल्या तेवढ्या प्रती) संपली की ज्यावरून छापतो त्या प्लेटवर रेघ मारून ती बाद करतो. हा सगळा खटाटोप कॉपीला मुद्दाम दुर्मिळ करून ऑरा परत आणायचा. मळवलीच्या लक्ष्मीवर कुठे असला आकडा होता? म्हणून या वेळी नंबर टाकायचा नाही आणि प्लेटही ठेवून द्यायची असं ठरवतेय, आता गॅलरीवाले किंमत कशी लावायची म्हणून कुरकुर करतील, करू देत.