हळदीचा डाग

पांढऱ्या शर्टावर रश्श्याचा थेंब पडला, की साबण लावताच त्या डागाची पिवळी कड लालभडक होते आणि धुणारा माणूस घाबरतो. हळदीतील कर्क्युमिन या रंगद्रव्याचा तो स्वभावच आहे. चुन्याच्या संगतीने हळदीचे कुंकू होते तेही त्यामुळेच. साबण निघून गेला की डाग पुन्हा पिवळा होतो, आणि कडक उन्हात वाळत घातला तर बराचसा उडतो, कारण हे द्रव्य प्रकाशात टिकत नाही.

कापडाला असे चिकटून बसणारे हे द्रव्य पोटात गेल्यावर मात्र फारसे रेंगाळत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यांतून जेमतेम शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचेही आतडी व यकृत झटपट रूपांतर करून टाकतात. प्रयोगशाळेतील पेशींवर त्याने दाह कमी केल्याचे, गाठींची वाढ रोखल्याचे कितीतरी वेळा दिसले. पण २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या आढाव्यात एक गमतीचा मुद्दा पुढे आला. हे द्रव्य स्वतःच रंगीत, स्वतःच चमकणारे आणि भेटेल त्या प्रथिनाला बिलगणारे असल्यामुळे चाचणीलाच फसवते, आणि औषधाचा गुण म्हणून नोंदले जाते ते कधीकधी रंगाचेच करणे असते. गुडघेदुखीवरच्या काही लहान चाचण्यांत थोडा आराम दिसला आहे, तेवढ्यावरून त्याला रामबाण म्हणणे मला पटत नाही.

कर्क्युमिन शरीरात टिकावे म्हणून त्याच्या कॅप्सूलमध्ये मिरीतील पिपरीन घालतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यामुळे माणसाच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता वीस पटींनी वाढलेली आढळली. परंतु पिपरीन ज्या यंत्रणेला आवर घालते, तीच यंत्रणा इतर काही औषधांचाही निचरा करत असते. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची मान्य मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम आहे. बाजारातील एकेका कॅप्सूलमध्ये सहज ५०० मिलिग्रॅम असते. पट्टणकोडोलीच्या यात्रेत अंगावर उधळला जाणारा भंडारा, रश्श्यातील चिमूट आणि ही कॅप्सूल यांना एकाच मापाने मोजता येत नाही. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर कॅप्सूलआधी डॉक्टरांना विचारलेले बरे. रश्श्यासाठी त्यांना त्रास देण्याचे कारण नाही.

चिमटीतल्या हळदीला धोका असलाच तर तो भेसळीचा. रंग झळाळावा म्हणून काही ठिकाणी हळदीला लेड क्रोमेट फासतात, आणि त्यातील शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. त्यामुळे फार झगझगीत पुडीपेक्षा सांगलीकडची मळकट दिसणारी हळकुंडे आणून ती कांडपावर कुटून घेणे मला बरे वाटते, मग मागे नंबर लावून उभ्या असलेल्या मावशी ‘‘आधी ते यंत्र चांगलं पुसा हो, माझी चटणी पिवळी व्हायची,’’ म्हणून कितीही कुरकुरल्या तरी चालेल.