पोलो खाली बसवताना

पुढच्या टायरचा माथा आणि मडगार्डची कमान यांच्यामध्ये माझी चार बोटं आडवी आरामात जायची. गाडी २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, चाकणच्याच कारखान्यात बनलेली, मी सेकंडहँड घेतलेली. कुठूनही बघा, तिच्या रेघा स्वच्छ आहेत. पण ती फट दिसली की वाटायचं, गाडी टाचा उंचावून उभी आहे. वळणावर ती कमी झुकावी हेही मनात होतं, पण खरं सांगायचं तर सुरुवात त्या चार बोटांपासून झाली.

पहिला सल्ला मिळाला तो स्वस्तातला: स्प्रिंगचं एक वेटोळं ग्राइंडरने कापून टाक, काम झालं. आमच्या गॅरेजवाल्या मामांना विचारलं, तर ते काही न बोलता आत गेले आणि कुणाच्या तरी गाडीतून काढलेली कापलेली स्प्रिंग आणून माझ्या हातात दिली. "टोकावरून अंगठा फिरव." टोक धारदार होतं, आणि एका बाजूला रंग घासून पोलाद चकचकीत झालं होतं. मूळ स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं खालच्या बैठकीच्या खोबणीत नीट बसावं असंच वळवलेलं असतं. कापलेलं टोक त्या खोबणीत बसत नाही, एका बिंदूवर टेकून राहतं आणि तिथेच घासतं. शिवाय तिची मोकळी लांबी कमी झालेली असते, त्यामुळे चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग सैल पडून जागेवरून सरकू शकते. "आणि गॅसने तापवून बसवतात, ते तर त्याहून वाईट," मामा म्हणाले. "पोलादाचं पाणीच उतरतं त्यात." त्या दिवसानंतर कापायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

मग गाडी खाली बसवण्यासाठीच तयार मिळणारी लोअरिंग स्प्रिंग घ्यायचं ठरलं. ती नुसती आखूड नसते, कडकही असते. गाडी खाली आली की बंप स्टॉपपर्यंतची (चाकाला आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंतची) वाट कमी होते, मग तेवढ्याच वाटेत तोच धक्का पेलायचा तर कडकपणा वाढवावाच लागतो. मी घेतलेल्या जर्मन बनावटीच्या संचात एका टोकाची वेटोळी दाट होती आणि दुसऱ्या टोकाची विरळ. दाट वेटोळी आधी एकमेकांवर बसतात, त्यानंतर उरलेला भाग जास्त कडक होतो. खोक्यावर लिहिलं होतं: पुढे ३०, मागे ३० मिलिमीटर.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण ते मी आधी वाचायला हवं होतं आणि वाचलं नंतर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. म्हणून रिम आणि टायर मी कंपनीच्याच मापाचे ठेवले, १८५/६० आर १५. विमा कंपनीला लेखी कळवलं. मूळ चारही स्प्रिंगा "पुढे डावी", "पुढे उजवी" अशा चिठ्ठ्या लावून माळ्यावर ठेवल्या आहेत. गाडी पुन्हा होती तशी करायची वेळ आली तर अर्ध्या दिवसात होईल.

कामाच्या आदल्या संध्याकाळी पार्किंगमधली सपाट जागा शोधून मापं घेतली. चाकाच्या मध्यबिंदूपासून कमानीच्या कडेपर्यंत घ्यायची, जमिनीपासून नाही. नाहीतर टायरमधली हवा कमीजास्त झाली की माप बदलतं. पुढे डावीकडे ३७२ मिलिमीटर, उजवीकडे ३७४. मागे ३७६ आणि ३७७. टाकी अर्धी, गाडीत कुणी नाही. हा कागद पुढे महिनाभर माझ्या खिशात होता.

मागचं काम तासाभरात झालं. पोलोत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून ॲक्सल खाली झुकवला की स्प्रिंग हातात येते. पुढे मात्र स्प्रिंग शॉकअपच्या अंगावर दाबून बसवलेली असते. आख्खा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपची ही जोडी, बाहेर काढावा लागतो, आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरने ती आवळल्याशिवाय वरचा नट हलवायचाही नाही. मामांनी कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावले आणि एका बाजूला दोन आटे, मग दुसऱ्या बाजूला दोन, असं आवळत नेलं. मी जवळ वाकलो तर म्हणाले, "तोंड मागे घे. हे सुटलं तर छप्पर फाडून जाईल." त्या वेळी गॅरेजातला रेडिओसुद्धा त्यांनी बंद करायला लावला होता. सगळं उघडलंच होतं, म्हणून वरचं माउंटिंग, बेअरिंग आणि बंप स्टॉप नवे टाकले. या तीन वस्तूंत काटकसर करू नका. गाडीला ८०,००० किलोमीटर झालेले होते आणि जुनं बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू भरल्यासारखं करकरलं.

संध्याकाळी गाडी खाली उतरवली आणि मी समोर उभा राहून नुसता बघत राहिलो. चार बोटांच्या जागी दोनच बोटं जात होती. तेव्हाच घाई झाली: त्याच संध्याकाळी अलाइनमेंट करून घेतली. ते पैसे वाया गेले, कारण नवी स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत आणखी बसते आणि उंची बदलली की टो, म्हणजे चाकं वरून पाहताना किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बदलतो.

साधारण ६०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा टेप लावली. पुढे ३३७, म्हणजे ३६ मिलिमीटर खाली. मागे ३३१, म्हणजे चक्क ४५! खोक्यावरचे ३० गेले कुठे, यावर मी दोन रात्री काढल्या. उत्तर सोपं होतं. स्प्रिंगा युरोपातल्या पोलोसाठी बनलेल्या. आपल्या रस्त्यांसाठी कंपनीने इथली पोलो मुळातच उंच ठेवलेली, ग्राउंड क्लिअरन्स १६८ मिलिमीटर. स्प्रिंग तिच्या ठरलेल्या उंचीवर येऊन थांबते. आपण जितक्या वरून निघालो तितकं जास्त उतरतो.

रिकामी गाडी देखणी दिसत होती. पण आई-बाबांना आणि मावशीला मागे बसवून, डिकीत सामान भरून वाईला निघालो आणि खंबाटकी घाट चढण्याआधीच समजलं की काम अर्धवट आहे. गाडी मागून बसली होती, नाक वर. प्रत्येक जोडावर मागून थड असा आवाज येत होता, स्प्रिंगची वाट संपून बंप स्टॉपवर आपटत होती. आईने हँडल धरलं ते वाईपर्यंत सोडलं नाही. ती एका शब्दाने बोलली नाही. परतीच्या वाटेवर मी बोगद्यातून बाहेर येईपर्यंत ठरवलं होतं की हे असं ठेवायचं नाही.

स्प्रिंगा बदलायची गरज पडली नाही. मामांनी मागच्या स्प्रिंगखालचे रबर काढून १२ मिलिमीटर जास्त जाडीचे पॉलियुरेथेनचे पॅड टाकले. मागची स्प्रिंग चाकाच्या मध्याच्या थोडी पुढे बसते, त्यामुळे तरफेसारखं होतं आणि चाकापाशी फरक पॅडच्या जाडीपेक्षा जास्त मिळतो. मला १५ मिळाले: मागे ३४६, पुढे ३३७. आता नाक किंचित खाली, आणि माणसं बसली की गाडी जवळजवळ सरळ. मला जी ठेवण हवी होती ती हीच, आणि ती मिळाली माणसं बसवून मोजल्यावर.

त्याच दिवशी मामांनी आणखी एक काम केलं, जे मी सांगितलेलं नव्हतं. गाडी चारही चाकांवर उभी ठेवून ते खड्ड्यात उतरले आणि पुढच्या लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) आणि मागच्या ॲक्सलच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरांचे, बोल्ट थोडे सैल केले. प्रत्येक वेळी टक् असा आवाज आला. हे बुश कंपनीत जुन्या उंचीवर आवळलेले असतात. गाडी खाली आली तरी आतलं रबर तसंच पिळलेलं राहतं, गाडीला वर ओढत राहतं आणि लवकर फाटतं. मामांनी गाडीची बोनेटवरून, डिकीवरून दोनदा हलवाहलव केली आणि मग चाकांवर वजन असतानाच बोल्ट पुन्हा आवळले. पुढची बाजू आणखी २ मिलिमीटर बसली. जॅकवर लोंबकळत्या चाकांनी हे बोल्ट आवळणारे बरेच आहेत. तुमच्या गाडीचं काम चाललं असेल तर तिथे उभे राहा आणि बघा.

मग अलाइनमेंट, या वेळी शेवटची. पुढचा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल, उणे अर्ध्या अंशावरून उणे एक अंशाच्या थोडा पुढे गेला होता, तो चालतो. टायर आतून खातो तो मुख्यतः टो चुकल्यामुळे, आणि टो बराच हलला होता. मागे आडवा बीम असल्यामुळे कॅम्बर फारसा बदलत नाही आणि तिथे सेटिंगही नाही. सर्वांत शेवटी हेडलाइट भिंतीवर मारून नव्याने लावले, कारण नाक खाली गेलं की प्रकाशही खाली पडतो.

राहिला गतिरोधक. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाने तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. पोलोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम २.४७ मीटर. म्हणजे मापात बांधलेल्या गतिरोधकावर गाडीची चारही चाकं एकदम चढतात आणि पोटाखाली उंचवटा भरतो तो साडेचार सेंटिमीटर. मी हे वहीत मांडलं तेव्हा माझाच विश्वास बसेना. पोट घासतं ते अरुंद, डांबराचा ढीग टाकून केलेल्या उंचवट्यांवर, आणि तसे आमच्या सोसायटीच्या गल्लीतच दोन आहेत. तिथे मी गाडी तिरपी घेतो, एकेक चाक चढवतो, मागची मोटरसायकल थांबू देतो.

गेल्या महिन्यात पुन्हा वाईला गेलो, तीच माणसं, तेवढंच सामान. घाटात गाडी वळणाला लागली की लागलेली, दुसऱ्यांदा स्टिअरिंग सावरावं लागत नव्हतं. सुरूर फाट्याच्या अलीकडे आरशात पाहिलं तर आईचा हात हँडलवर नव्हता. ती मावशीला फोनमधले फोटो दाखवत होती.