मानेचा खेळ

अंतराळातल्या लढाईत सगळ्यात जास्त काम मानेला असतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. कॉलेजात ‘एक्स-विंग अलायन्स’ खेळायचो, म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधलं लढाऊ जहाज चालवायचा कॉम्प्युटर गेम, तेव्हा मानेचा काही संबंधच नव्हता. १९९९ साली आलेला हा खेळ माउसवर चालायचा नाही, जॉयस्टिकच लागायची. त्या खर्चाला घरून होकार मिळवणं हीच खरं तर पहिली मोहीम. बाकी सगळं काम डोळे आणि बोटं करायची. आणि डोळेसुद्धा काचेबाहेर कमीच. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यांत रडारची दोन वर्तुळं, एक पुढचं, एक मागचं. पुढच्यातला ठिपका मधोमध आणायचा आणि बटण दाबायचं. शत्रू ठिपका होता, आपणही बहुधा कुणाच्या तरी वर्तुळातला ठिपकाच होतो.

या खेळाला चाहत्यांनी मरू दिलं नाही. जहाजं नव्यानं घडवली, कॉकपिटं नव्यानं घडवली, याच मालिकेतल्या १९९४ च्या ‘टाय फायटर’ या खेळाच्या मोहिमा याच खेळात पुन्हा बांधल्या, आणि व्हीआर हेडसेटची सोयही करून ठेवली, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा पडदा, मान वळेल तिकडचं दृश्य दाखवणारा. तेही फुकट.

हेडसेट चढवला आणि पहिल्या मिनिटाला वर्तुळं विसरलो. शत्रूचं विमान डोक्यावरून गेलं आणि मान आपोआप मागे वळली. छताच्या काचेतून तो दिसत राहिला, वळताना, लहान होताना. पूर्वी तो पडद्याच्या कडेला गेला की संपायचा. आता तो कुठं तरी असतो, आणि तो कुठं आहे हे मानेला ठाऊक असतं. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक गळ्यात रेशमी स्कार्फ बांधायचे. ऐट होतीच, पण सतत मागे-पुढे वळून मान कॉलरवर घासायची, म्हणून रेशीम. मला हे वाचून माहीत होतं. आता पटलं.

तसा या खेळाचा महायुद्धाशी सरळ नातेसंबंध आहे. ‘स्टार वॉर्स’ सिनेमा जुळवताना अंतराळातल्या झटापटींची दृश्यं तयार नव्हती, तेव्हा जॉर्ज लुकासनं त्या जागी महायुद्धातल्या विमानांच्या लढायांची फिल्म लावून ठेवली होती. आणि ही खेळांची मालिका करणारा लॉरेन्स हॉलंड आधी ‘बॅटलहॉक्स १९४२’ सारखे महायुद्धाचेच सिम्युलेटर करत होता. म्हणून इथलं अंतराळ हवेनं भरलेलं आहे. इंजिन बंद केलं की जहाज थांबतं. न्यूटननं हे पाहिलं असतं तर हेडसेट काढून टेबलावर ठेवला असता. मला मात्र चालतं. खऱ्या निर्वातात जहाज त्याच वेगानं पुढे जातच राहील, आणि मग अशी झटापट होणारच नाही.

आकाराचंही तसंच. स्टार डिस्ट्रॉयर, म्हणजे शत्रूची अवाढव्य युद्धनौका, सोळाशे मीटर लांब, हा आकडा आम्हाला पाठ होता. म्हणजे त्याचं शेपूट आमच्या नागपूरच्या व्हेरायटी चौकात ठेवलं तर नाक झिरो माईलच्या बरंच पुढं जाईल. सतरा इंची मॉनिटरवर हे कधी अंगावर आलं नव्हतं. आता त्याच्या पोटाखालून जाताना मी खांदे आखडून घेतो.

एक गोष्ट मात्र तश्शीच राहिली, आणि मला तीच सगळ्यात आवडते. जहाजाची वीज ठरलेली. लेझर जास्त भरायला घेतले तर वेग उतरतो, ढाल भरली तरी उतरतो. मे महिन्यात लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर काय काय चालवायचं, हे ज्या नागपूरकरानं ठरवलंय त्याला हे शिकवावं लागत नाही. कूलर हवा तर टीव्ही सोडा. अडचण एवढीच की लेझरसाठी एफ नऊ, ढालीसाठी एफ दहा, आणि हेडसेटमध्ये कीबोर्ड दिसत नाही. मग बोटानं वरची ओळ चाचपायची. आठव्या बटणानंतर फट लागते, तिच्या पलीकडचं पहिलं ते एफ नऊ. तोवर मागून दोन गोळ्या बसलेल्या असतात.

उन्हाळ्यात हे सगळं जरा अवघडच. पंचेचाळीस अंशांत तोंडावर फोम दाबून बसायचं म्हणजे घाम आलाच, आणि कूलरसमोर बसलं तर ओल्या हवेनं भिंगांवर वाफ धरते. शिवाय जहाज गरकन फिरलं की डोळे म्हणतात आपण उलटे झालो, आणि कानातला तोल म्हणतो खुर्चीत बसलाय. या भांडणात पोटाचा जीव जातो. कॉकपिटची स्थिर चौकट डोळ्यांना धरायला असते म्हणून निभावतं. तरी तर्रीपोहे खाऊन लगेच उडू नये.

बाहेरून हे कसं दिसतं ते आईला विचारा. मी छताकडे बघत मान फिरवतोय, खाली कूलर घरघरतोय.

“काय पाहून राहिला रे वर? पाल आहे का?”

एकदा तिलाही हेडसेट लावून दिला. लढाईपासून लांब, जहाज थांबवून, समोर स्टार डिस्ट्रॉयर. तिनं डावीकडून उजवीकडे सावकाश मान फिरवली, पुन्हा उलटी फिरवली, बराच वेळ.

“एवढं मोठं आहे,” ती म्हणाली, “याची धूळ कोण पुसते?”