बोटीवरचा टीव्ही आणि सेल्फची बॅटरी

हर्णै बंदरात आमची गिलनेटची बोट आहे. सहा सिलिंडरचं इंजिन, तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख धरून सात माणसं, एका फेरीला आठ-दहा दिवस. संध्याकाळी जाळं सोडलं की इंजिन बंद होतं आणि बोट रात्रभर जाळ्याला धरून वाहत राहते. किनारा दिसेनासा झाला की मोबाईलची रेंजही जाते. अशा वेळी जेवून झाल्यावर खलाशांनी करायचं काय? दिवसभर राबणाऱ्या माणसांना दोन घटका करमणूक हवीच, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून नारळी पौर्णिमेआधी केबिनमध्ये २४ इंची टीव्ही बसवायचं ठरवलं.

बाबा म्हणाले, "लाव, पण इंजिनाच्या बॅटरीला हात लावू नको."

आमचं सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, २४ व्होल्टवर चालतं, म्हणजे १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. जवळच्या दुकानात इन्व्हर्टर मिळाला तो १२ व्होल्टचा. वायरमनने त्या दोनांपैकी एकीच्या दोन टोकांवरून वायर काढून दिली. टीव्ही लगेच लागला आणि मीही गप्प बसलो.

तिसऱ्या फेरीत, पहाटे जाळं ओढायच्या वेळी सेल्फने नुसतं 'कट' केलं. पुन्हा तेच. वारा वाढत होता आणि खाली जाळं पसरलेलं. वायरलेसवर हाक दिल्यावर गाववाल्यांची एक बोट तासाभराने आली, त्यांच्या बॅटऱ्या आणून जोडल्या, तेव्हा इंजिन लागलं. तो तास मी विसरणार नाही. तांडेलमामा एक शब्द बोलले नाहीत, फक्त जाळ्याच्या दोराकडे बघत उभे होते.

बंदरात आल्यावर मल्टिमीटर लावला. एक बॅटरी १२.६ व्होल्ट, दुसरी ११.७. झाकणं उघडली तर टीव्हीच्या बॅटरीच्या प्लेटांवर पांढरट साका आणि चांगल्या बॅटरीतलं पाणी प्लेटांच्याही खाली गेलेलं. डायनॅमो दोन्ही बॅटऱ्यांतून सारखाच करंट ढकलतो. टीव्हीने जिचा करंट खाल्ला ती कधी पूर्ण भरत नाही आणि जी आधीच भरलेली ती उकळत राहते. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही बाद. २४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचे नाहीत, हे मी आता बंदरावर भेटेल त्याला सांगतो.

मग सगळं नव्याने केलं. पहिल्यांदा टीव्हीचा ॲडॅप्टर हातात घेऊन वाचला. त्यावर लिहिलं होतं १२ व्होल्ट, ३ अँपिअर. म्हणजे टीव्ही मुळात १२ व्होल्टचाच! आम्ही बॅटरीचे १२ इन्व्हर्टरने २३० करत होतो आणि ॲडॅप्टर ते परत १२ करत होता. क्लॅम्प मीटर लावला तर इन्व्हर्टरमधून ३.२ अँपिअर जात होते, सरळ जोडल्यावर २.१. इन्व्हर्टर गेला घरी.

पण बॅटरी थेट टीव्हीला लावू नये. चार्जिंग चालू असताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते, उतरली की ११.५ वर येते. मध्ये १२ व्होल्ट कायम ठेवणारा कन्व्हर्टर बसवला, तो टीव्हीच्या मागेच. आधीची वायर बारीक, एक चौरस मिलीमीटरची होती. जाऊन-येऊन १६ मीटर, त्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त वाटेतच जात होता. आता चार चौरसची, कलई केलेल्या तांब्याची टाकली. खाऱ्या हवेत साधं तांबं हिरवं पडतं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज. टर्मिनलला पेट्रोलियम जेली.

टीव्हीसाठी १०० अँपिअर-तासाची वेगळी बॅटरी घेतली. इंजिनाशी तिचा काही संबंध नाही. ती भरते केबिनच्या छपरावरच्या १०० वॅटच्या सोलर पॅनलवर. बॅटरीचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. म्हणजे ५० अँपिअर-तास, रोज तीन तास बघितलं तर सूर्य न दिसताही सात रात्री निघतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत हे उपयोगी पडलं. पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या कंट्रोलरचं कटऑफ १२ व्होल्टवर ठेवलंय, त्याखाली गेलं की टीव्ही आपोआप बंद.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित निघाली. टीव्ही लावला की वायरलेसवर खरखर यायची. चॅनल १६ नीट ऐकू आलं नाही तर मदतीची हाक कशी कळणार? स्वस्तातल्या कन्व्हर्टरचा तो आवाज होता. चांगला आणला, वायर ॲन्टेनाच्या केबलपासून लांब नेली, वायरीवर खरखर अडवणारी फेराइटची रिंग अडकवली. आता साफ आहे.

छत्रीचा नाद केला नाही, हलत्या बोटीवर सिग्नल टिकत नाही. सगळं पेनड्राइव्हवर, नमन-जाखडीपासून नेपाळी खलाशांच्या गाण्यांपर्यंत.

रात्री तांडेलमामा आधी कंट्रोलरवरचा आकडा बघतात, मग पेनड्राइव्ह लावतात. दहाला टीव्ही बंद, हा नियम त्यांचाच. पहाटे जाळं ओढायचं असतं.